गाऱ्हाण्याचे तुकडे

"मॅडम, ह्या चेडवाक तोंड आसा काय नाय?"

मावशीनं हे मॅडमना विचारलं, मला नाही. पण आमच्या दुकानात माझ्या टेबलापुढे नुसता पडदा होता आणि मावशीचा आवाज मासळीबाजारात कमावलेला होता. रिकामी टोपली दाराबाहेर ठेवून ती आत आली होती. तिच्यामागे तिचा नवरा टोपी हातात धरून उभा होता. मी पडद्याच्या फटीतून दोघांना पाहत होते आणि कीबोर्डवर उगाच बोटं चालवत होते.

"आहे की तोंड," मॅडम म्हणाल्या. "कंप्युटरकडे वळवलेलं असतं, एवढंच."

"कोणाचा ता?"

"पाववाल्यांची नात."

"मगे! पाववाल्याची बायल बाजाराच्या ह्या टोकाक बोलली की त्या टोकाक आयकाक येय. आणि ह्या? जीभ इंग्लिश शाळेत ठेवन इला?"

म्हातारा हसला. मॅडमही हसल्या. मला राग आला नाही, कारण ते बऱ्यापैकी खरं होतं. शाळेत सिस्टरांसमोर मालवणी शब्द निघाला की डोळे वटारले जायचे. घरी इंग्रजी शब्द निघाला की चुलत भावंडं आठवडाभर त्याची नक्कल करायची. दोन्हीकडे हसं होण्यापेक्षा गप्प राहणं मला सोपं वाटलं, आणि मग त्याची सवयच झाली. संध्याकाळी घरासमोरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, आम्ही लदीन ही प्रार्थना म्हणायचो. मोठ्यांनी एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. तिथेसुद्धा मी फक्त ओठ हलवायचे. देवाला कळत असेल, आजीला मात्र कळायचं.

तरी मॅडमनी मला ठेवून घेतलं होतं. मालवणच्या बाजारात त्यांचं ते लहानसं कंप्युटरचं दुकान होतं: इंटरनेटची तीन मशीनं, एक टायपिंगचं, आणि पडद्यामागे माझं. २००६ सालचा पावसाळा उतरत होता. बोटीवर नोकरीला गेलेल्या माणसांच्या घरी तेव्हा कंप्युटर नसायचा, म्हणून मॅडमनी दुकानाचा एकच ईमेल पत्ता गावभर देऊन ठेवला होता. मुलानं किंवा नवऱ्यानं त्या पत्त्यावर मेल करायची, विषयाच्या जागी घराचं नाव लिहायचं, आणि घरच्यांनी दुकानात येऊन छापलेला कागद न्यायचा. मेल उतरवून घेणं, कुठल्या घराची ते ओळखणं, सोबतचे फोटो त्या त्या घराच्या फोल्डरमध्ये ठेवणं, हे सगळं करणारा, जावा या कंप्युटरच्या भाषेतला प्रोग्राम मी लिहिला होता. शिकून आल्यावरचं माझं ते पहिलं खरं काम. "बोलायला नंतर शीक," मॅडम म्हणाल्या होत्या, "पण शीक हां."

मावशी आणि काका देवबागचे. काकांची स्वतःची होडी होती, मावशी मासे विकायची. मुलगा मालवाहू बोटीवर खलाशी होता. त्या दिवशी त्यांना मेल न्यायची नव्हती, पाठवायची होती. काय पाठवायचं ते मात्र काकांना नीट सांगता येत नव्हतं.

"गाऱ्हाणा," ते शेवटी म्हणाले. "गाऱ्हाणा पाठवचा आसा."

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस नारळ ठेवून देवाशी मोठ्यानं बोलतो: बा म्हाराजा, असं असं आहे, असं असं कर. प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. काकांच्या घरची रीत अशी, की घरातला कुणीही समुद्रावर जायचा तर आधी त्याच्यासाठी गाऱ्हाणं, आणि ते त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकायचं. पण या वेळी मुलगा मुंबईत कंपनीच्या कचेरीत कागदपत्रांसाठी गेला होता, तिथेच त्याला एकाएकी बोलावणं आलं आणि तो तसाच विमानानं परदेशातल्या बंदरावर जाऊन बोटीवर चढला. घरी आलाच नाही.

"फोनवर नाही का सांगायचं?" मॅडमनी विचारलं.

"सांगलंय मां!" काका म्हणाले. "शेजाऱ्याकडे फोन इलो. नारळ घेवन धावलंय. देवाचा नाव घेतलंय आणि तेचा कार्ड संपला."

"आता परत कधी येईल फोन?"

"बंदर लागात तेवा. तेका तरी खंय म्हायत."

"आणि होडी?"

काकांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. उत्तर मावशीनं दिलं. "होडी माडाच्या झापाखाली. पुनव झाली, नारळ पडलो, सगळ्यांचे होडये पाण्यात. आमची वाळयेर."

"एका जिवाचा गाऱ्हाणा अर्ध्यार ठेवन दुसरो पाण्यात कसो जायत?" काका हळू आवाजात म्हणाले. "घराची रीत आसा."

"रीत आसा," मावशी म्हणाली, "आणि चुलीर काय रीत शिजवू?"

नारळी पौर्णिमेपासून मावशी दुसऱ्यांच्या होडीचे मासे घेऊन विकत होती, हे आता आमच्या लक्षात आलं. मॅडमनी पडदा बाजूला केला आणि मला विचारलं, "आवाज जोडता येतो ना गं मेलला?"

मी मान हलवली.

"बघा," मॅडम मावशीला म्हणाल्या. "हो म्हणाली."

"खंय म्हणाली?" मावशी म्हणाली.

जोडता येतो, हे खरंच होतं. ईमेलला मुळात फक्त अक्षरं कळतात. फोटो असो की आवाज, आधी तो अक्षरांत बदलावा लागतो. पानभर अर्थहीन दिसणारी अक्षरं, आणि या बदलात तो मूळ आकाराहून बराच फुगतो. मग मजकूर कुठे संपला आणि जोडलेली फाइल कुठे सुरू झाली हे कळावं म्हणून प्रत्येक भागाच्या आधी एक ठरावीक ओळ घालायची. ती ओळ दिसली की समोरच्यानं ओळखायचं, एक संपलं, आता दुसरं. मला ती ओळ फार आवडायची. दोघांच्या बोलण्यात एवढं स्पष्ट काही असतं तर मीही बोलले असते, असं तेव्हा वाटायचं.

पहिलं रेकॉर्डिंग दुसऱ्याच दिवशी झालं. काका धुतलेलं धोतर नेसून आले. नारळ मॉनिटरसमोर ठेवायला मॅडमनी परवानगी दिली, उदबत्तीला दिली नाही. काका नारळासमोर उभे राहिले आणि मग घरच्या देवाकडे तोंड हवं म्हणून देवबागच्या दिशेला वळले. माइक राहिला पाठीमागे. मी माइक घेऊन त्यांच्या पुढ्यात गेले, पण वायर पुरली नाही. शेवटी आम्ही टेबलच फिरवलं. मशीन, नारळ, काका आणि माइक सगळे एकदाचे देवबागकडे तोंड करून उभे राहिले.

गाऱ्हाणं झकास झालं. काकांचा आवाज साधा होता, शेजाऱ्याशी बोलावं तसा. मावशीचं "व्हय म्हाराजा" मात्र इतकं खणखणीत की स्क्रीनवरची आवाजाची रेघ दर वेळी वरच्या टोकाला आपटायची, आणि घाई अशी की काकांचं वाक्य संपायच्या आधीच ती सुरू व्हायची. नेटवर बसलेल्या एका गिऱ्हाइकानं कानातून हेडफोन काढला आणि शेवटच्या दोन वेळा त्यानंही हात जोडून साथ दिली.

फाइल जोडली, पाठवली. मुलाचं उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मालवणी: काय पाठवलात? फाइल वाटेतच काढून टाकल्यानी. हयसर अगदी ल्हान फाइलच येतत.

बोटीवरची मेल उपग्रहावरून जायची. मोठं काही दिसलं की मधली यंत्रणा ते कापून टाकायची आणि नुसता मजकूर पुढे पाठवायची. म्हणून मी प्रोग्राममध्ये नवा भाग लिहिला: मोठ्या फाइलचे सारख्या मापाचे तुकडे करायचे आणि एका मेलला एकच तुकडा जोडायचा. मेल मागेपुढे पोचल्या तरी गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या नावात क्रमांक. मला ते फार नीटनेटकं वाटलं होतं. मुलानं लिहिलं: पयलो तुकडो वाजलो. बाबा 'बा म्हाराजा' म्हणतत, थोडा बोलतत आणि गप होतत. बाकीचे उघडनत नाय.

साहजिक होतं. आवाजाच्या फाइलच्या सुरुवातीला थोडी माहिती असते, हा आवाज आहे, या गतीनं वाजवायचा, अशी. ती पहिल्या तुकड्यात गेली. बाकीचे तुकडे बिनडोक्याचे निघाले. तुकडे जोडून घ्यायचा प्रोग्राम बोटीवरच्या मशीनवर टाकायची मुलाला परवानगी नव्हती.

मॅडमनी हे काकांना समजावून सांगितलं. काकांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे देवाक हाक मारून मी गप ऱ्हवलंय, असा जाला." रागानं नाही. आपलीच काही चूक असावी तसं. ते ऐकून मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. घरी जाऊन त्या फाइलचाच विचार करत राहिले.

तुकडे फाइलचे नाही, आवाजाचे करायला हवे होते. प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण हवा. त्याला स्वतःचं डोकं हवं आणि तो एखाद्या शब्दाच्या मध्ये तुटता कामा नये. म्हणजे कापायचं ते शांततेत. आवाज म्हणजे मशीनला आकडेच असतात. जिथे आकडे बराच वेळ शून्याच्या जवळ राहतात तिथे बोलणारा थांबला आहे. आणि गाऱ्हाण्यात माणूस कुठे थांबतो, हे तर लहान मुलालाही माहीत असतं. प्रत्येक मागणी, तिचं "व्हय म्हाराजा", आणि मग क्षणभर काही नाही. एक संपलं, आता दुसरं. माझी ती आवडती ओळ गाऱ्हाण्यात आधीपासूनच होती.

मी प्रोग्राम लिहिला, जुन्या रेकॉर्डिंगवर चालवला, आणि त्यानं एकही तुकडा केला नाही. मावशीनं कुठे जागाच सोडली नव्हती. जिथे ती थांबली होती तिथे डोक्यावरचा पंखा घरघरत होता.

पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरलं. मॅडमनी निरोप धाडला: सावकाश बोला, व्हय म्हणायच्या आधी श्वास घ्या, नंतरही घ्या.

पुढे काय झालं ते आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला होडीची काळजी लागून राहणार नाही. तुकडे पोचले. सगळेच्या सगळे वाजले. मुलानं ते बोटीवरच्या जेवणाच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, ओळीनं लावले. आणि त्यानं उत्तर म्हणून एक छोटीशी आवाजाची फाइल जोडून पाठवली. माझ्या प्रोग्रामनं ती देवबागच्या त्या घराच्या फोल्डरमध्ये बरोबर उतरवली. काकांनी हेडफोन उलटा घातला, मी तो सरळ केला. फाइलमध्ये इंजिनाची घरघर होती आणि तिच्यावर मुलाचा आवाज, तीनच शब्दांचा: "आयकलंय. व्हय म्हाराजा." त्याच्यामागे आणखी कुणीतरी, आपल्याकडचं नसलेलं, ते दोन शब्द अडखळत म्हणत होतं. काकांनी ती फाइल पुन्हा लावायला सांगितली. मग हेडफोन मावशीच्या कानाला लावला आणि आपण दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

होडी पाण्यात गेली. मावशी थोड्याच दिवसांनी टोपली घेऊन दुकानाशी आली. तिच्यात केळीच्या पानात बांधलेले बांगडे वेगळे ठेवलेले होते. आमच्या किनाऱ्यावर जाळं ओढायला कुणीही हात लावला तरी त्याचा वाटा निघतो, मग तो होडीचा मालक असो की वाटेनं जाणारा. "तुझो वाटो," ती म्हणाली आणि पान माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवलं. आजीनं त्यांचं झणझणीत तिखलं केलं आणि जेवताना मला विचारलं, हे कुणाकडून. मी सगळं सांगितलं. एवढं लांबलचक मी घरात प्रथमच काही सांगत होते. आजी मध्येच थांबवेल असं वाटलं, पण तिनं थांबवलं नाही.

आता मी शहरात, मोठ्या कचेरीत काम करते. मेल आणि त्यांना जोडलेल्या फायली हेच माझं काम आहे. मोठं काही लहान वाटेनं पाठवायचं असलं की नव्या मुलांना मी सांगते, मापानं कापू नका, आधी ते ऐका. त्यांना वाटतं ही माझी बोलण्याची पद्धत आहे. मला मात्र दर वेळी काका-मावशींची आठवण येते आणि बरं वाटतं. मॅडमचीही येते, ज्यांनी मला बोलतं करण्याची कधी घाई केली नाही. आणि मावशीची सर्वांत जास्त, कारण त्या दिवशी तिनं मला सुटू दिलं नाही.

दुसऱ्या रेकॉर्डिंगचा तो दिवस असा. दुपार होती, बाजार पेंगलेला. मॅडम बँकेत गेल्या होत्या. नेटवर कुणी नव्हतं. थोड्या वेळात भारनियमनामुळे दिवे जाणार होते. त्याआधी रेकॉर्डिंग उरकायला हवं होतं, कारण लाइट गेली की मशीनला जोडलेला बॅटरीचा डबा टी-टी करत राहायचा. मी शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला, टेबल फिरवून ठेवलं, नारळासाठी जागा केली. काका आले. मावशी आली. तिनं तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. नुसता वारा.

"काल बाजारात सुरमयवरना भांडली," काका म्हणाले. "गिऱ्हाइकाक पटवता पटवता घसो बसलो. सकाळपासना घरात कसा शांत शांत वाटता."

मावशीनं त्यांच्या दंडावर चापट मारली. ती तर मोठ्यानं वाजली.

मी काय करावं ते मला कळेना. काका मात्र नारळासमोर उभे राहिलेही होते. मी बटण दाबलं आणि सुरू करा असा हात केला.

"बा म्हाराजा," काका म्हणाले, सावकाश, सांगितलं होतं तसे. "आज जो काय तुझो लेकरू घरच्यांका न भेटता खाऱ्या पाण्यार गेलो आसा, तेच्या पाठीशी तू हुबो ऱ्हव रे म्हाराजा."

आणि थांबले.

मावशीचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिनं घसा खाकरला, पुन्हा ओठ हलवले. मी त्या ओठांकडे बघत राहिले. मला ते ओळखीचे होते. खुरसापुढे माझे असेच हलायचे.

काका पुढे बोलेनात. त्यांना घाई नव्हती. वाट बघत होते, एवढंच. उत्तर आल्याशिवाय पुढची मागणी त्यांच्या लेखी करायचीच नसते. स्क्रीनवर रेघ सपाट चालली होती. मला तुकड्यांमध्ये हवी होती ती शांतता, आणि आता तिच्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. मागे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. शटरखालून उन्हाचा पट्टा आत आला होता. त्यात मावशीची टोपली दिसत होती, जवळजवळ रिकामी.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग हनुवटी वर केली, तू, अशी. मी मान हलवली, नाही. माझा देव तो नव्हता, हे तिलाही माहीत होतं, पाववाल्याचं घर तिला माहीत होतं. तिनं कपाळावर आठ्या घातल्या, घशावर हात ठेवला, मग तोच हात माझ्या पाठीवर ठेवला. माशाचा वास होता त्याला, आणि तो चांगलाच जड होता. ढकललं नाही. ठेवला, आणि राहू दिला.

काका नारळाकडे बघत तसेच उभे होते, एवढ्या वेळात त्यांनी मान वळवली नव्हती. समुद्रापलीकडे कुठेतरी त्यांचा मुलगा होता, आणि वाळूवर झापाखाली होडी होती, आणि माइक माझ्या तोंडापासून फार लांब नव्हता. मी श्वास घेतला. माझाच आवाज मला परका वाटला, पण तो सगळ्या दुकानभर झाला, आणि रेघ वर गेली.

"व्हय म्हाराजा."